वेंडलच्या उसन्या फिना

माझा भाऊ वेंडल काइलियानू माणूस म्हणून सोन्यासारखा आहे, पण त्याला दोन गोष्टींतली एक निवडायला सांगितली की संपलं. जेवणाच्या गाडीपुढे उभा राहिला तर मागची रांग शिव्या घालते. कोंबडी घेऊ की मासा, मासा घेऊ की कोंबडी. शेवटी गाडीवालीच वैतागून दोन्ही अर्धं अर्धं वाढते, आणि हा वर तिलाच म्हणतो, "बघ, तुलासुद्धा ठरवता आलं नाही."

मी त्याची थोरली बहीण, उलुलानी. माकाहाच्या किनाऱ्यावर सगळे मला उलू आंटी म्हणतात आणि माझ्या तोंडाला घाबरतात. घाबरलेलंच बरं.

वेंडलने आयुष्यभर बस चालवली. लोक विचारतात, असल्या माणसाने बस चालवली कशी? अहो, आमच्या बाजूला रस्ताच एक. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधून रस्ता. कुठे वळू हा प्रश्नच नाही. होनोलुलू शहरातल्या मार्गावर टाकला असता तर पहिल्याच चौकात प्रवासी उतरून चालत गेले असते.

लग्नाचंही तेच. तरुणपणी एक मुलगी होती, चांगली होती, आमच्या आईलाही पसंत होती. हा विचार करत बसला. तिने वाट बघितली, बघितली, आणि बसडेपोतल्या ह्याच्याच दोस्ताशी लग्न करून मोकळी झाली. लग्नाला हा गेला, पोटभर जेवला आणि घरी येताना मला म्हणाला, "ताई, मी जवळजवळ ठरवलंच होतं." मी त्याच्या डोक्यात ताटच घालणार होते, पण ते यजमानांचं होतं.

पण ह्या सगळ्यावर कळस म्हणजे त्याच्या फिना. लाटेवर उभं राहून घसरत यायची जी लांब फळी, लाँगबोर्ड, तिच्या पोटाला, शेपटाकडे, माशाच्या पंखासारखी जी उभी पात बसवतात ती फिन. ती नसेल तर फळी लाटेवर बैलगाडीच्या सुट्या चाकासारखी कुठेही जाते. शहाण्या माणसाकडे अशी एक फिन असते, फार तर दोन. वेंडलकडे कूलरभर, म्हणजे बाटल्या बर्फात ठेवायची पेटी भरून. तो मोठा निळा कूलर वाळूत ठेवला की नवखे लोक बिअरच्या आशेने झाकण उघडतात, आणि आत बघतात तर काय, फडक्यांत गुंडाळून निजवलेल्या फिना!

"ही उभी, रुंद बुडाची," वेंडल लगेच सुरू होतो. "ही शेपूट पाण्यात गच्च धरून ठेवते. फळीवरून चालत नाकापर्यंत, पार पुढच्या टोकाला जा, पायाची दहाही बोटं पुढे लटकव, ही दगा देणार नाही. पण वळायचं म्हटलं की हिचा पाय निघत नाही."

"मग ती मागे कललेली लाव ना," मासाओ म्हणतो. मासाओ वेंडलचा बालमित्र. गोदीतून निवृत्त झाला, तेव्हापासून वेंडलला डिवचणं हीच त्याची नोकरी.

"ती वळते फार सुंदर. टोक पातळ आहे ना, वळणात वाकतं आणि बाहेर पडताना मागून ढकलून देतं. पण नाकावर उभा राहिलास की शेपूट निसटते."

"मग ती जुनी, अर्ध्या चंद्रासारखी?"

"ती फक्त सरळ जाते. कुणाचं काही ऐकत नाही. आमच्या ताईसारखी आहे."

मासाओ खिदळतो, मी हातातली चप्पल फेकते, आणि ह्या गडबडीत एक झकास लाट कुणीही न घेता किनाऱ्याला येऊन फुटते. बरं, फिन ठरली तरी सुटका नाही. फळीला लांबट खाच असते, तीत फिन पुढेमागे सरकते. बोटभर पुढे घेतली की फळी सैल होते, मागे नेली की ताठ. म्हणजे वेंडलला आणखी एक दुपार घालवायची सोय.

एका वर्षी ज्येष्ठांच्या स्पर्धेत त्याची पाळी आली. भोंगा वाजला, बाकीचे म्हातारे पाण्यात पळाले आणि आमचे चिरंजीव वाळूत गुडघ्यावर! ऐन वेळी फिन बदलायला गेला आणि स्क्रू वाळूत पडला. मी घरून तांदूळ धुवायची चाळणी आणली, मासाओने आपली टोपी घेतली, आणि आम्ही दोघं माकाहाचा किनारा चाळत बसलो. स्क्रू मिळाला तोवर बक्षिसं वाटून झाली होती. वेंडल कपाळाचा घाम पुसत म्हणतो, "बरं झालं ताई, मी चुकीचीच लावत होतो."

आता एवढ्या फिना एकट्याने वापरणार कधी? म्हणून त्याने त्या उसन्या द्यायला सुरुवात केली. त्यातून आमच्या टोळक्याचा एक रिवाजच पडून गेला. वेंडलकडून फिन न्यायची, ती लावून लाटा घ्यायच्या, आणि परत आणून देताना दोन गोष्टी बरोबर आणायच्या: काहीतरी खायला, आणि फिन कशी चालली ह्याची खरीखुरी हकिगत. खाण्याचं सगळे पाळायचे. कुणी सोयासॉसमध्ये मुरवलेला कच्चा मासा आणायचं, कुणी भाताच्या वड्या. हकिगतीच्या नावाने मात्र बोंब. वेंडल डोळे मोठे करून विचारायचा, "वळताना कशी वाटली?" आणि समोरचा म्हणायचा, "बरी होती." झालं. वेंडलचं तोंड एवढंसं. 'बरी होती' हे त्याला शिवीसारखं लागायचं.

आणि मग डॉरीन आली.

डॉरीन फुर्टाडो शाळेच्या स्वयंपाकघरात होती. आमच्या अर्ध्या गावाची पोरं तिच्या हातचं खाऊन वाढलीत. पोर्तुगीज घरची, हसली की खांदे हलतात. तिचा नवरा आल्विन लाटांवरचा दर्दी माणूस, दोनेक वर्षांपूर्वी गेला. मुलगी शॅनन लास वेगासला. आमच्याकडची निम्मी माणसं तिकडे जाऊन राहतात, तशी तीही. तर ही डॉरीन एक दिवस कूलरपाशी आली आणि म्हणाली, "वेंडल, मला एखादी फिन देशील? आल्विनची फळी पडून आहे. म्हटलं सकाळी सकाळी पोकाईच्या खाडीत जाऊन बघावं. इथे सगळ्यांसमोर पडायची लाज वाटते."

वेंडलने तिला उभी फिन दिली. आठवड्याने ती परत आली, बरोबर साखरेत घोळवलेले गरम गरम मालासादा, म्हणजे पोर्तुगीज गुलगुले. आणि म्हणाली, "नाकाकडे गेले तेव्हा शेपूट कशी खाली धरून ठेवली हिने! पण वळताना जड. भिजलेलं पीठ ढवळावं तशी."

मालासादा वेंडलच्या हातात तसाच राहिला. "भिजलेलं पीठ," तो पुटपुटला. "ताई, ऐकलंस? अगदी तसंच आहे ते!"

त्यानंतर दर आठवड्याला डॉरीन एक फिन घेऊन जायची आणि एक परत आणायची. कधी गोड पाव, कधी घेवड्याचं सूप. आणि हकिगत अशी, की वेंडल कान देऊन ऐकायचा, मधेच थांबवून विचारायचा, "म्हणजे शेपूट निसटली ती डावीकडे जाताना की उजवीकडे?" ती जरा विचार करून सांगायची, "उजवीकडे." हा मान डोलवायचा. दोघं त्या कूलरवर बसून ऊन उतरेपर्यंत बोलत असायचे. सगळ्या किनाऱ्याला कळलं होतं काय चाललंय. कुत्र्यांनासुद्धा कळलं होतं. वेंडलला तेवढं कळलं नव्हतं. तो मला म्हणाला, "ताई, ह्या बाईला फिनेची खरी जाण आहे." मी म्हटलं, "हो रे बाबा, फिनेचीच जाण आहे. दुसरं काय असणार!" पालथ्या घड्यावर पाणी.

एके दिवशी तिचं सुपाचं भांडं परत द्यायला मी तिच्या घरी गेले. गाडीच्या शेडमध्ये आल्विनची फळी दोरांवर टांगलेली, पोट वर करून. आणि तिच्यावर कोंबडी बसलेली! आमच्याकडे मोकाट कोंबड्या कुठेही अंडी घालतात, त्यातली एक. मी तिला हुसकावलं आणि बघते तर फळीवर बोटभर धूळ. आणि फिन? ती तर फायबरग्लासच्या थरात कायमची जोडलेली. जुन्या पद्धतीची फळी. ना खाच, ना स्क्रू. त्या फळीला दुसरी फिन ब्रह्मदेवाच्या बापालाही लावता आली नसती.

मागे डॉरीन उभी होती. लाल झालेली.

"कोंबडीचं घर आहे हे," मी म्हटलं. "पोकाईच्या खाडीत तूही जातेस की फक्त कोंबडी जाते?"

"आल्विन गेल्यापासून पाण्यात पाय नाही घातला गं," ती म्हणाली.

"मग एवढं सगळं सांगतेस ते कुठून? शेपूट, नाक, भिजलेलं पीठ?"

"आल्विन रोज जेवताना हेच बोलायचा. तीस वर्षं. कंटाळा यायचा मला. गेल्यावर घर असं गप्प झालं, की वाटलं, मेल्याने अजून एकदा फिनेवर भाषण द्यावं." ती भांडं उगाचच फडक्याने पुसायला लागली. "म्हणून पहिल्यांदा गेले वेंडलकडे. म्हटलं, नुसतं ऐकून तरी येऊ. पण उलू, आल्विन मला सांगायचा. वेंडल मला विचारतो. माझं ऐकून घेतो. आता त्याला आवडेल असं मी रात्रभर जुळवत बसते."

तिने माझा हात धरला. "त्याला सांगू नकोस. शपथ घे. माझ्यावरचा विश्वास उडेल त्याचा."

मी शपथ घेतली. मूर्खपणा केला.

कारण पुढच्याच महिन्यात शॅननचा फोन आला: आई, एकटी काय करतेस तिकडे, इकडे ये, खोली तयार आहे. डॉरीनने वेंडलला सांगितलं तेव्हा मी शेजारीच मासा साफ करत होते. ती म्हणाली, "शॅनन बोलावतेय. कायमचं." आणि त्याच्याकडे बघत राहिली. अशी बघत राहिली की दगडालाही तोंड फुटलं असतं.

आणि आमचा वेंडल काय म्हणाला? "तिकडे हवा फार कोरडी असते म्हणे."

डॉरीन गेल्यावर मी त्याला माशाच्या शेपटीने बडवला. "अरे गाढवा, 'जाऊ नकोस' म्हणायला काय झालं होतं?"

"विचार करतोय ताई. तिची मुलगी आहे तिकडे, नातवंडं आहेत. इकडे काय आहे?"

"इकडे तू आहेस!"

"तेच तर," तो म्हणाला. "ते नातवंडांच्या तोडीला कसं मांडायचं?" आणि त्याचे डोळे भरून आले. मग मला रागवताही येईना. आयुष्यभर ह्याने दोन्ही बाजू तोलल्या, आणि दर वेळी स्वतःचीच बाजू हलकी ठरवली. हे माझ्या एवढ्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

जे तोंडाने बोलता आलं नाही ते त्याने आपल्या पद्धतीने करायला घेतलं. घरामागे सावलीत बसून तो एक फिन घडवायला लागला. फायबरग्लासच्या कापडाचे थर, राळ, कापणं, घासणं. अंगाला खाज, केसांत पांढरी धूळ. डॉरीनने सांगितलेलं सगळं त्याला तोंडपाठ होतं, आणि त्या सगळ्यावरून त्याने ही घडवली: बूड रुंद, म्हणजे नाकावर शेपूट धरून ठेवेल, वरचं टोक पातळ आणि किंचित मागे कललेलं, म्हणजे वळताना पीठ ढवळल्यासारखं वाटणार नाही. "तिच्या फळीला मी स्वतः लावून देणार," तो म्हणाला. "जायच्या आधी एक लाट तरी तिने तिला हवी तशी घ्यावी." मी ऐकत होते आणि जीभ चावत होते. कुठली फळी, कुठली लाट!

जायच्या आदल्या दिवशी किनाऱ्यावर निरोपाचं जेवण ठेवलं. जो तो घरून काहीतरी घेऊन आला. आता मी डॉरीनला वचन दिलं होतं की सांगणार नाही. फळी आणणार नाही असं काही मी म्हटलं नव्हतं. मासाओचा ट्रक घेऊन मी तिच्या शेडमधून फळी उचलली, धूळ पुसली, कोंबडीची माफी मागितली, आणि किनाऱ्यावर आणून पोट खाली करून गवतावर ठेवली.

डॉरीनने फळी बघितली आणि ती पांढरीफटक पडली. "उलू!" ती तोंडातल्या तोंडात पुटपुटली. "हे काय केलंस?"

"फळी आणली," मी म्हटलं. "तुझीच आहे."

तोवर वेंडल आलाच. इस्त्रीचा शर्ट, हातात पेचकस, बगलेत टॉवेलमध्ये गुंडाळलेली फिन. आख्खं टोळकं गोळा झालं. त्याने टॉवेल उलगडला. मधासारख्या रंगाची फिन, उन्हात आरपार दिसणारी. मासाओसुद्धा काही वाकडं बोलला नाही. वेंडल गुडघ्यावर बसला आणि फळी उलटी केली.

मग खाच चाचपायला त्याने आल्विनच्या फिनेच्या बुडाशी हात फिरवला, एकदा ह्या बाजूने, एकदा त्या बाजूने.

"काय वेंडल, ह्या वेळी आख्खी खाचच पडली काय वाळूत?" मासाओ म्हणाला.

"डॉरीन," वेंडल म्हणाला, "माझ्या फिना तू कुठल्या फळीला लावत होतीस?"

"कुठल्याच नाही."

"ती कललेली... उजवीकडे जाताना शेपूट निसटली म्हणालीस."

"आल्विन म्हणायचा तसं."

"आणि भिजलेलं पीठ?"

"ते माझं. स्वयंपाकघरातलं."

वेंडलने हातातल्या फिनेकडे बघितलं. त्याचं तोंड असं उतरलं की मला वाटलं, आपण फार वाईट केलं. कशाला आणली मी ही फळी! म्हातारा माणूस, एवढं घासून घासून बोटं सोलली होती त्याची.

"मग दर आठवड्याला एक घेऊन कशाला जात होतीस?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं कोडं होतं.

डॉरीन रडत होती आणि तिचे खांदे हलत होते, त्यामुळे हसतेय की रडतेय कळत नव्हतं. ती म्हणाली, "परत आणून द्यायला."

वेंडल तसाच गुडघ्यावर. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि मनात म्हणत होते, आता जर हा म्हणाला 'विचार करतो', तर ह्याच पेचकसाने ह्याचा जीव घेते.

तो उठला. सावकाश, गुडघे कुरकुरत. फिन त्याने टॉवेलमध्ये पुन्हा नीट गुंडाळली आणि डॉरीनच्या हातात दिली.

"मग ही पण ने," तो म्हणाला. "उद्या परत आणून दे."

"वेंडल, उद्या सकाळी माझं विमान आहे."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर उद्या म्हणतोय."

"आणि परवा?"

"परवा दुसरी नेशील. कूलर भरलेला आहे."

डॉरीन ते बाळासारखं बोचकं छातीशी धरून मटकन कूलरवरच बसली आणि हुंदके द्यायला लागली. मासाओ समुद्राकडे तोंड करून नाक शिंकरत होता, वारा डोळ्यांत गेला म्हणे. वेंडल तिच्याशेजारी बसला. हात कुठे ठेवावा हे मात्र त्याला ठरवता येईना, म्हणून मीच तो उचलून तिच्या खांद्यावर ठेवला.

मग तिने आपला फोन माझ्याकडे दिला. "शॅननला तूच सांग गं. माझ्याने बोलवणार नाही."

मी फोन लावला. पोरगी घाबरली, "उलू आंटी? आईला काय झालं? उद्या येतेय ना ती?"

"नाही गं बाई," मी म्हटलं. "तुझ्या आईला उद्या एकाची वस्तू परत द्यायची आहे. आणि ते काम लवकर संपेलसं दिसत नाही."